न हलणारं तिकाटणं

सायराकानने सत्तावीस वर्षांपूर्वी काढलेलं एक फूल खोटं आहे, असं एका पुस्तकात छापून आलं, तेव्हा ती बिश्केकच्या वनस्पती संस्थेच्या तळघरात वाळक्या फांद्या जाड कागदावर शिवत बसली होती. संचालिका मिनावार सादिकोव्ना स्वतः जिना उतरून खाली आल्या. एरवी त्या निरोप धाडून वर बोलावून घेत. पुस्तक त्यांनी पानात बोट घालूनच आणलं होतं.

फूल चिराइताच्या कुळातलं. वीतभर उंचीचं, निळसर करडं, डोंगरातल्या सुसामिर खोऱ्याच्या ओल्या कुरणात जुलैमध्ये दहा-बारा दिवस फुलून नाहीसं होणारं. सायराकानने तेव्हा ते काळ्या शाईने काढलं होतं आणि कोपऱ्यात एक पुंकेसर दहापट मोठा करून दाखवला होता. त्याच्या बुडाशी केसांचा झुबका होता. त्या झुबक्यावरूनच हे फूल शेजारच्या, अगदी तशाच दिसणाऱ्या फुलापासून वेगळं धरलं जाई. आता ताश्कंदच्या रावशान नावाच्या तरुण अभ्यासकाने लिहिलं होतं, की आपण सहा वाळलेले नमुने पाहिले आणि एकातही केस सापडले नाहीत. ते केस म्हणजे चित्रकर्तीने केलेली सजावट असावी.

'सजावट' या शब्दावर सायराकानची नजर अडून राहिली. आयुष्यभरात तिने कुठल्या फुलाला अर्धी पाकळी जास्त दिली नव्हती. पण मग तिने तो दिवस आठवून पाहिला. लाकडी बाक आठवला, दौतीत पडलेली माशी आठवली, खिडकीतून येणारं ऊन आठवलं. केस काही केल्या आठवेनात.

"एजे, आपल्याला भांडायचं नाहीये," मिनावार सादिकोव्ना म्हणाल्या. त्या वयाने लहान, म्हणून पदाने वरच्या असूनही सायराकानला एजे म्हणत, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. "तुम्ही पुन्हा चित्र काढलंत तर तो पुन्हा तेच म्हणेल. फोटोच पाठवू. एकेक केस मोजता येईल असा."

सायराकानने मान डोलावली. आत कुठेतरी तिला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली. नोव्हेंबरपासून तिचा उजवा हात थरथरत होता. चहाचा पेला धरताना कमी, टाक धरताना जास्त. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. हिवाळाभर ती या ना त्या निमित्ताने तळघरातली शिवणाची, चिकटवण्याची कामं मागून घेत होती, म्हणजे शाई उघडायला नको.

संस्थेच्या कपाटात बारीक गोष्टी मोठ्या दाखवणारी एक जाडजूड मॅक्रो लेन्स होती. पाहुण्यांचा एक प्रकल्प संपला तेव्हा मागे राहिलेली. कॅमेऱ्याला लावली की सगळं मिळून तीन किलोच्या आसपास जाई. हातात धरून फोटो काढणं तर धडधाकट हाताच्या माणसालाही जमलं नसतं. ट्रायपॉड मात्र नव्हता. तो तुम्हीच बघून घ्या, असं मिनावार सादिकोव्नांनी सांगितलं, कारण संस्थेत त्यातलं कळणारं दुसरं कुणी नव्हतं. सायराकानलाही त्यातलं काही कळत नव्हतं, पण हे सांगायचं तिच्या ध्यानात आलं तोवर बाई जिना चढून गेल्या होत्या.

पहिला ट्रायपॉड तिने दुकानातून घेतला. विकणाऱ्या बाईने विचारलं, फोटो कशाचे काढणार. सायराकान म्हणाली, फुलांचे. केवढ्या फुलांचे, तर नखाएवढ्या. मग लहानसा पुरे, बाई म्हणाली, आणि एक चकचकीत, हलका, पाच-पाच तुकड्यांच्या पायांचा ट्रायपॉड समोर ठेवला. खोक्यावर लिहिलं होतं, आठ किलो पेलतो. आपलं ओझं तीन किलोचं. सायराकानला हिशोब पटला.

घरी तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर खसखशीचं वाळकं बोंड ठेवलं, कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला, पडद्यावर चित्र मोठं केलं आणि बोंडाची कडा बरोबर मधोमध आणून खटका घट्ट आवळला. हात काढला. कडा सावकाश वर सरकली आणि पडद्याबाहेर निघून गेली. तिने पुन्हा मधोमध आणली, पुन्हा आवळलं. पुन्हा तेच. आठ किलो पेलणाऱ्या वस्तूने तीन किलोपुढे मान का टाकावी, हे तिला समजेना. आपण आवळतानाच हात थरथरतो आणि त्यानेच हे होतं, अशी पाल तिच्या मनात चुकचुकली.

रविवारी तिने एगेमबेर्दीला बोलावलं. एगेमबेर्दी हा तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे तिचा जेझ्दे, आणि तीस वर्षं लग्नाचे फोटो नि व्हिडिओ काढणारा माणूस. जेझ्देने बाल्दिझची, म्हणजे मेहुणीची, थट्टा करायची आणि बाल्दिझने ती व्याजासकट परत करायची, हा रिवाजच. त्यामुळे दोघांची बोलणी सरळ अशी क्वचितच होत. त्याने दारातूनच तो ट्रायपॉड पाहिला आणि बूट काढता काढता विचारलं, "बाल्दिझ, हा टोळ कुठून पकडून आणलास?"

"तुमच्याच नात्यातला दिसला, म्हणून घेतला," सायराकान म्हणाली. "उंच, चमकदार आणि कामाच्या वेळी मान टाकणारा."

तो हसत हसत आत आला आणि मग गंभीर झाला, कारण यंत्राचा विषय निघाला की तो गंभीर होई. त्याने पहिली चूक दाखवली. तिने कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला होता आणि लेन्स पुढे हवेत लोंबत होती. एवढ्या जड लेन्सला स्वतःचं कडं असतं, त्या कड्याला पाय असतो, तो ट्रायपॉडवर बसवायचा, म्हणजे वजन मधोमध येतं. त्याने तसं केलं. बोंडाची कडा सरकणं बरंच कमी झालं, पण थांबलं नाही. खोक्यावरचे आठ किलो म्हणजे मोडत नाही एवढंच, तो म्हणाला. हलत नाही असं त्यावर कुणी लिहिलेलं नाही. पायांचे शेवटचे तुकडे तर करंगळीएवढे बारीक. शिवाय मधला दांडा वर ओढला की तीन पायांचा ट्रायपॉड एका पायाचा होतो.

हे सगळं सायराकानने वहीत लिहून घेतलं. मग दुसऱ्या दिवशी तिने इंटरनेटवर फोटोवाल्यांच्या गप्पा चालतात त्या पानावर विचारून पाहिलं, आणि तिथे तर तिचं डोकंच फिरलं. एकाने लिहिलं, मधला दांडा असलेला ट्रायपॉड घेऊच नका. दुसऱ्याने लिहिलं, दांडा हवाच, तो उलटा घालायचा आणि कॅमेरा खाली लोंबकळत ठेवायचा, म्हणजे जमिनीलगतची फुलं मिळतात. एक म्हणे कॅमेऱ्याखाली गोळ्यावर फिरणारं बॉल हेड घ्या, एक म्हणे बॉल हेड आवळताना नेहमीच केसभर खाली बसतं, दातेरी चाकांचं घ्या. कार्बनचे पाय हलके म्हणून चांगले आणि कार्बनचे पाय हलके म्हणूनच वाईट. तिने दांडा उलटा घालून पाहिला. कॅमेरा डोक्यावर उभा राहिला, डावं उजवीकडे आणि वरचं खाली. बोंड आत आणायला तिने अर्धा तास घालवला आणि शेवटी पडद्यावर दिसलं ते तिच्याच चपलेचं टोक.

एगेमबेर्दीने मग स्वतःचा व्हिडिओचा ट्रायपॉड आणून दिला. भक्कम होता, त्यावर लेन्स दगडासारखी बसली. पण त्याचे पाय आतल्या पट्ट्यांनी एकमेकांना बांधलेले. कितीही फाकवले तरी तो गुडघ्याच्या खाली येईना. "नवऱ्यामुलाची छाती याच उंचीवर असते," एगेमबेर्दी ओशाळून म्हणाला. "तुझं फूल वीतभर उंच, याला मी काय करू?"

जूनचे पंधरा दिवस असे गेले. तिच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेनादी ल्वोविच राहत. जन्मभर डोंगरात जमीन मोजत फिरलेले, आता ऐंशीच्या घरातले. अंगणातल्या बाकावर ते सायराकानला रोज वेगवेगळे पाय उलगडताना, मिटताना बघत होते. एके सकाळी त्यांनी तिला फक्त हाताने खूण केली आणि तळमजल्यावरच्या आपल्या अडगळीच्या खोलीत नेलं. तिथे कोपऱ्यात पिवळ्या लाकडाचं एक तिकाटणं उभं होतं. मोजणीची दुर्बीण ठेवायचं. मनगटाएवढे पाय, प्रत्येक पायाला खाली लोखंडी टोक आणि टोकाच्या वर बूट ठेवून दाबायला एक पाऊलपट्टी. मधला दांडा नाहीच. पाय वाटेल तेवढे फाकवता येत, पार जमिनीलगत.

ते म्हणाले, "लाकूड थरथर पिऊन टाकतं. धातू ती वाजवत बसतो. हे घेऊन जा, माझ्याकडे नुसतं उभंच आहे."

जुन्या तिकाटण्याचा स्क्रू कॅमेऱ्याला बसेना, तेव्हा बाजारातल्या लेथवाल्याकडून एक जाड पितळी चकती कातून घेतली. एगेमबेर्दीने कुठूनसं दातेरी चाकांचं एक जुनं हेड मिळवलं. चाक फिरवायचं, कॅमेरा केसभर वळतो, आणि सोडलं की जिथल्या तिथे. स्वयंपाकघरात खसखशीच्या बोंडाची कडा तासभर मधोमध राहिली. सायराकानने चहा केला, प्यायली, परत येऊन बघितलं, कडा तिथेच. त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एगेमबेर्दीच्या गाडीतून दोघं सुसामिरला निघाली. शनिवारी त्याला शहरात एका लग्नाचं काम होतं, तोवर चार दिवस मोकळा होता. बहिणीने बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पिशवी भरून दिली होती. घाट चढता चढताच त्याने ती निम्मी केली.

कुरणाच्या कडेला बुरुल नावाच्या बाईची युर्त होती, नमद्याचा गोल तंबू. पासष्ट-सत्तरची, सडसडीत, घोड्या पाळणारी. सायराकानपेक्षा मोठी, म्हणून सायराकान तिला एजे म्हणू लागली. आपल्याला कुणाला तरी एजे म्हणायची वेळ बऱ्याच दिवसांनी आली, असं तिला वाटून गेलं. बुरुलने फुलाचं वर्णन ऐकलं आणि म्हणाली, ते होय, आमच्या घोड्या त्याला तोंड लावत नाहीत, कडू असतं. तिने ओहोळाच्या पलीकडे बोट दाखवलं.

फुलं होती. हिरव्या मऊ गवतात शेकड्याने होती. सायराकानने गुडघे टेकले आणि खिशातलं भिंग लावून पुंकेसरात डोकावली. पण डोळ्यांना आता पूर्वीसारखं दिसत नव्हतं आणि भिंग धरलेला हात हलत होता. काहीतरी पांढुरकं दिसल्यासारखं वाटलं. केस असतील, परागांची धूळ असेल, नुसती चमकही असेल.

पहिला दिवस वाऱ्याने खाल्ला. दुसऱ्या सकाळी गवताचं पातं हलत नव्हतं. दोघांनी तिकाटण्याचे पाय फाकवले, पाऊलपट्टीवर बूट ठेवून टोकं जमिनीत रुतवली, वरून पांढरी छत्री रोवली. लेन्सचं तोंड अगदी बारीक केलेलं, त्यामुळे एकेका फोटोला अर्धा सेकंद लागत होता. बटणाला हात लागू नये म्हणून वायर लावली होती. सायराकानने फुलाशेजारी ओणवं होऊन पडद्यावर पुंकेसराचं बूड नीट आणलं आणि वायरचा खटका दाबला.

चित्र पुसट आलं. कडा दुहेरी, कुणी ओल्या शाईवरून बोट फिरवावं तशी. दुसरं तसंच. दहावं तसंच. आणि दर चार फोटोंनंतर फूल पडद्यावर थोडं वर सरकलेलं दिसे. म्हणजे इथेही मान टाकणं आलंच.

सायराकानला काही सुधरेना. वारा नाही. हेड तेच, स्वयंपाकघरात तासभर न हललेलं. लाकूड तेच. हात तर कॅमेऱ्याला लावलेलाच नाही. सगळं एकेक करून बाजूला काढल्यावर उरली ती एकटी. तिला वाटलं, आपल्या अंगातलीच थरथर गुडघ्यांतून जमिनीत उतरते आणि तिकाटण्यात चढते. हा विचार वेडगळ आहे हे तिला कळत होतं, पण दुसरा कुठलाही विचार सुचत नव्हता. ती उठली आणि ओहोळाकडे जाऊन उभी राहिली.

एगेमबेर्दी थोड्या वेळाने मागून आला. काहीतरी चावट बोलायला त्याने तोंड उघडलं असेल, पण तिचा चेहरा पाहून मिटलं.

"जेझ्दे, माझा हात हलतो," सायराकान म्हणाली. "हिवाळ्यापासून. मला वाटतं, फोटो त्यानेच बिघडतात."

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. मग परत गेला, स्वतः फुलाशेजारी ओणवा झाला आणि वीस फोटो काढले. सगळे तिच्याइतकेच पुसट. "माझा हात हलत नाही," तो तिथूनच ओरडून म्हणाला. "पोट हलतं, पण ते तीस वर्षं हलतंय."

सायराकान परत आली. तिला बरं वाटलं आणि गोंधळ दुप्पट झाला. तिचा हात नाही, तर मग काय?

तेवढ्यात बुरुल घोड्यावरून ताकासारख्या आयरानचं भांडं घेऊन येत होती. पलीकडच्या काठावरून घोडा कुरणात उतरला आणि सायराकानची नजर सहज पडद्यावर गेली. फूल उडी मारत होतं. घोड्याचं पाऊल पडलं की उडी, पाऊल पडलं की उडी. घोडा तीसेक पावलांवर होता. बुरुल उतरली, घोडा थांबला, आणि फूलही डोलत डोलत थांबलं.

सायराकानने तिला पुन्हा चालायला सांगितलं. बुरुलला हे लोक जरा चळलेलेच वाटले असावेत, पण ती चालली. फूल हललं.

"मग हलणारच की," बुरुल म्हणाली. "हे कुरण म्हणजे पाण्यावर टाकलेलं पांघरूण आहे. वर गवत, खाली चिखल, त्याच्या खाली गोटे. घोडासुद्धा इथे पाऊल टाकायला कुरकुरतो. तुम्ही यावर लाकडाचे तीन पाय टेकवून स्वतः शेजारी लोळताय."

बुरुलनेच मग शिंगरं बांधायच्या लांब लोखंडी खुंट्या दिल्या, वर कडी असलेल्या. एगेमबेर्दीने त्या दगडाने ठोकत ठोकत खाली घातल्या, गोट्यांवर आदळून खण्ण आवाज येईपर्यंत. तिन्ही कड्यांमध्ये तिकाटण्याची तिन्ही टोकं बसवली. आता तिकाटणं कुरणावर नव्हतंच. ते थेट खालच्या गोट्यांवर उभं होतं. फूल वर सरकायचं थांबलं.

पण फोटो पुसटच आले.

एगेमबेर्दी गवतात फतकल मारून बसला. त्याने बसताच फूल पडद्यावर एका बाजूला झुकलं आणि सायराकान बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तिकाटणं आता हलत नव्हतं. इतके दिवस ती फक्त तिकाटण्याकडे बघत होती. फूल मात्र अजून पांघरुणावरच होतं. तिने श्वास घ्यायला पोट हलवलं तरी ते हलत होतं.

तिने एगेमबेर्दीला विचारलं, कॅमेऱ्याला कुणी शेजारी नसताना आपोआप फोटो काढता येतात का. येतात, तो म्हणाला. लग्नाचा मांडव रिकामा असल्यापासून भरेपर्यंत तो मिनिटाला एक असे काढतो. त्याने तशी मांडणी करून दिली. मग तिघं आणि घोडा असे सगळे कुरणातून बाहेर पडले, कडेच्या खडकाळ टेकाडावर चढले आणि बुरुलच्या युर्तीपुढे बसून किमिझ, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायले. तासभर कुणी कुरणाकडे फिरकलं नाही. बुरुलने कुत्र्यालाही बांधून ठेवलं. छत्री तेवढी दूरवर पांढरी दिसत होती.

परत येऊन सायराकानने फोटो बघितले. पहिले पाच-सहा पुसट, त्यांच्या पावलांचे हेलकावे अजून जमिनीत विरले नव्हते तेव्हाचे. सातव्यापासून चित्र बसलं. पुंकेसराच्या बुडाशी केसांचा झुबका होता. एकेक केस वेगळा, टोकाशी किंचित वळलेला, अगदी तिने शाईने काढला होता तसा. तिने हाताने तोंड झाकलं. एगेमबेर्दीने तिच्या पाठीवर एवढी जोरात थाप मारली की तिचं नाक पडद्याला लागलं.

खात्रीसाठी म्हणून तिने दुपारी शेजारचं दुसरं फूल घेतलं. पुन्हा तेवढीच वाट, तेवढाच तास. चित्र स्वच्छ आलं आणि पुंकेसराचं बूड गुळगुळीत होतं. एकही केस नाही. तिसऱ्या दिवशी तीन फुलं झाली. एकाला भरगच्च केस, एकाला नाहीत, आणि एकाच्या चार पुंकेसरांपैकी दोहोंना होते, दोहोंना नव्हते. तिन्ही एकाच पावलाच्या जागेत उगवलेली.

"काम झालं," एगेमबेर्दी म्हणाला. "केसवाले फोटो दे पाठवून त्या ताश्कंदवाल्याला. त्याला सजावट म्हणजे काय ते कळेल."

"आणि बिनकेसवाले?"

"ते तू काढलेच नाहीस."

सायराकानने तसं करून पाहिलं, मनातल्या मनात. केसवाला फोटो पाकिटात घातला, पाकीट बंद केलं. रावशानची फजिती झाली. मग तिला ती सहा वाळलेली फुलं दिसली, जी त्याने खरोखरच पाहिली होती. तो खोटं बोलला नव्हता. तिनेही खोटं काढलं नव्हतं. दोघांचं खरं असेल, तर हे एक फूल आहे की दोन? की इतकी वर्षं सगळ्यांनी ज्या झुबक्यावरून भेद केला, तो भेदच नव्हे? विचार करावा तितका गुंता वाढत होता, आणि नवल म्हणजे, त्याचा तिला त्रास होत नव्हता.

तिने सांगितलं, ती राहणार. फुलं आणखी पाच-सहा दिवस होती. एगेमबेर्दीने वाद घातला, मग तिच्या बहिणीचं नाव काढलं, मग स्वतःच्या कंबरेचं. शेवटी शुक्रवारी सकाळी त्याने उरलेले बोरसोक आणि एक बॅटरी तिच्याजवळ ठेवली आणि गाडीत बसला. बसल्यावर काच खाली केली. "डॉक्टरकडे जाऊ परत आल्यावर. मी घेऊन जाईन. तुझ्या बहिणीला तूच सांग, मला भीती वाटते." एवढं बोलून तो गेला.

खुंट्या उपटायच्या, दुसऱ्या फुलापाशी ठोकायच्या, तिकाटणं बसवायचं आणि दूर जाऊन बसायचं, हे काम आता दोघी बायका करू लागल्या. ठोकण्यात बुरुल एगेमबेर्दीपेक्षा तरबेज निघाली. दिवसाला पाच-सहा फुलं होत. प्रत्येक फुलापाशी नंबराची चिठ्ठी लागे. दुसऱ्या दिवशी सायराकानने लिहिलेला चौदाचा आकडा एवढा वेडावाकडा आला, की तो चौदा की एकोणीस हे तिलाच सांगता येईना. बुरुल बघत होती.

"इकडे आण," ती म्हणाली. "शाळेत होते तेव्हा माझं अक्षर बरं होतं."

सायराकानने पेन्सिल दिली. बुरुलने जीभ दातांत धरून, एकेक रेघ ओढत पंधरा लिहिलं. मग मान न उचलता विचारलं, हात कधीपासून असा आहे. सायराकानने सांगितलं. मी चित्रं काढायचे, असंही सांगितलं. बुरुलने हळहळ व्यक्त केली नाही. तिच्या सासूचाही हात हलायचा, पण घोडी दोहताना थांबायचा, का कोण जाणे, एवढंच ती म्हणाली आणि सोळा लिहायला घेतलं.

पुढच्या गुरुवारपर्यंत एक्केचाळीस फुलं झाली. तेवीस केसवाली, तेरा गुळगुळीत, पाच अर्धीमुर्धी. शुक्रवारी गारा पडल्या आणि कुरणात एकही फूल उरलं नाही.

बिश्केकला परत आल्यावर सायराकानने सगळेच्या सगळे फोटो रावशानला पाठवले, आपलं जुनं चित्रही त्यात घातलं, आणि खाली लिहिलं की कशाचा काय अर्थ लावायचा ते आपल्याला कळत नाही. मग ती वर मिनावार सादिकोव्नांच्या खोलीत गेली आणि हाताचं सांगितलं. बाईंनी दार लावून घेतलं. बराच वेळ दोघी बोलल्या. तळघरातलं काम राहील, असं ठरलं, आणि फोटोंचंही. शाईच्या दौती मात्र सायराकानने त्या दिवशी स्वतः धुऊन उपड्या ठेवल्या.

रावशानचं उत्तर नवव्या दिवशी आलं. तिने ते मिनावार सादिकोव्नांना वाचून दाखवलं. त्याने आपल्या सहा नमुन्यांची पुन्हा तपासणी केली होती, आणि एका फुलाच्या एका पुंकेसराला, अगदी तळाशी, तीन केस सापडले होते. ते त्याला आधी का दिसले नाहीत हे सांगता येत नाही, असं त्याने लिहिलं होतं. 'सजावट' हा शब्द लिहिल्याबद्दल माफी मागितली होती. आणि शेवटी विचारलं होतं, की मलाही यातलं काहीच कळत नाहीये, तर पुढच्या जुलैमध्ये आलो तर चालेल का.

"काय कळवायचं?" मिनावार सादिकोव्नांनी विचारलं.

"या म्हणावं," सायराकान म्हणाली. "गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणा, आणि जेवढे कमी लोक आणता येतील तेवढे आणा."